शाही चक्रवाकाचा रस्सा

आधी तो चहा संपवून घ्या. ऐकता ऐकता ठसका लागला तर सगळा माझ्याच अंगावर येईल, आणि हा शर्ट आजच धुतलेला आहे.

माणूस म्हटला की चुकणारच. कोणी भलत्याच मांडवात जेवून येतो, कोणी गडचिरोलीची म्हणून राजुऱ्याच्या एसटीत बसतो. पण न केलेला गुन्हा, सरकारी माणसासमोर, अख्ख्या गावाच्या साक्षीनं, हात जोडून कबूल करणारा इसम पाहिलाय का कधी? नसेल तर नीट बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय, बिस्कीट खातोय.

तुम्हाला ठाऊकच आहे, वडशाला माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, पासपोर्ट, आणि थंडीत नाटकवाल्यांची पोस्टरं. मध्यंतरी मी एक लांबलचक लेन्स घेतली. लग्नांसाठी, असं बायकोला सांगितलं. आता तुम्हीच सांगा, नवरदेव तर हातभर अंतरावर उभा असतो, त्याला एवढी लेन्स कशाला लागते? ती लेन्स लागली पाखरांच्या मागे. त्या नादात नागपूरच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपातही शिरलो. पण तिथे माझी पत काही फार नव्हती. गरुड म्हणून मी मोठ्या थाटात टाकलेली घार त्यांनी ओळखली, आणि तेव्हापासून माझ्या फोटोखाली लोक एक अंगठा ठेवून पुढे जायचे.

आता सासुरवाडीकडे येतो, कारण घात तिथेच झाला.

माझी सासुरवाडी गडचिरोलीकडची, धानाच्या पट्ट्यातली. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गावातले पंच. बोलणं मोजकं, पण बोललेलं पक्कं. भावाभावांची भांडणं त्यांच्या ओसरीवर येतात आणि तिथेच मिटतात. मामाजी खोटं बोलले असं सांगणारा माणूस त्या गावात तुम्हाला मिळायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज किती गेली त्याचा हिशेब लागायला बरं पडेल.

या घरात एक भयंकर रिवाज आहे. जावयाच्या तोंडून शब्द निघाला की तो खाली पडू द्यायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा परसातल्या वेलाकडे बघून मी नुसतं म्हणालो, काय भोपळा आहे! परत येताना तो भोपळा एसटीत माझ्या मांडीवर होता, थेट वडशापर्यंत. पुढच्या खेपेला अंगणातल्या बाजेवर आडवा झालो आणि बोलून गेलो की झोप लागावी तर अशा बाजेवर. झालं! ती बाज एसटीच्या टपावर चढली.

म्हणून मंदा, माझी बायको, दर वेळी गावाच्या फाट्यावर उतरलो की मला बजावते, "तिथी कशालेही चांगलं म्हनू नका. बोलाचंच असन तं हवापाण्यावर बोला."

त्या वर्षी गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या आणि रात्री नाटक. शंकरपटाला जावयाला बोलावणं असतंच. शेतात लाखोळीच्या पिकाला फुलं आली होती, थंडी अजून हटलेली नव्हती. पटाच्या दिवशी सकाळीच मी लेन्स गळ्यात घालून तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर गेलो. धानाला पाणी सोडून सोडून तलाव निम्मा उतरला होता. पल्याडच्या काठाला चिखल उघडा पडलेला, त्यावर पोटरीभर पाणी, आणि त्या पाण्यात एक जोडी चालत होती.

मी लेन्स लावली. काय रंग होते! डोकं काळपट हिरवं. अंग पांढरं शुभ्र. छातीभोवती विटकरी पट्टा, पाय गुलाबी, चोच लालभडक. आणि नराच्या चोचीच्या मुळाशी लाल गाठ.

गाठ म्हटल्यावर आधी वाटलं नकटा असावा. पण नकट्याची गाठ काळी असते, आणि डोकं पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं. मग चक्रवाक? तो तर अंगभर नारिंगी, वैनगंगेच्या रेतीत दर थंडीत दिसतो. पुस्तक काढलं, पानं उलटली, पुन्हा लेन्स, पुन्हा पुस्तक. शेवटी ते पान सापडलं. शाही चक्रवाक. समुद्राकाठच्या खाऱ्या चिखलातलं पाखरू. आपल्याकडे वाट चुकूनच येणारं.

भीत भीत फोटो ग्रुपावर टाकला. आणि अंगठा आला नाही, फोन आला! नागपूरच्या मॅडमचा. या मॅडम म्हणजे त्या ग्रुपाचं हायकोर्ट, माझ्या गरुडाची घार यांनीच केली होती. त्यांनी पक्ष्याबद्दल कमी आणि तलावाबद्दलच जास्त विचारलं. पाणी किती? काठ कसा? चरतात कशी? मी सांगितलं की चिखल उघडा आहे, पाणी उथळ आहे, आणि ही दोघं चोच चिखलावरून डावी-उजवी फिरवत चालतात.  मग म्हणाल्या, "उद्या दुपारी पोचतो आम्ही. वनखात्याच्या माणसालाही सांगून ठेवते. तोवर त्यांना कोणी हुसकावणार नाही एवढं बघा."

माझ्या आयुष्यात मला कोणी भेटायला नागपूरहून आलं नव्हतं. त्या आनंदात मंदाची ताकीद मी साफ विसरलो.

संध्याकाळभर अंगणात मी बोलत होतो. काय ते पाखरू, काय ती चोच, असं सोनं आपल्या तलावात आलंय, जीव नुसता वेडा झालाय, उद्या काहीही होवो पण हे हातचं जायला नको. मंदा खुणा करून थकली. मामाजी पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत ऐकत होते. मग त्यांनी मान वर केली.

"बसते कुठी ते?"

"पल्याडच्या काठाला, उघड्या चिखलात."

"कोन्या वेळेले?"

"पहाटेपासून तिथेच असतात, मामाजी."

"वजन किती असन?"

अहो, मला इतकं भरून आलं! सासरा आपल्या छंदात एवढा रस घेतोय, आणखी काय पाहिजे? मी म्हणालो, किलोभर तर सहज. मामाजींनी "हं" केलं आणि युवराजकडे पाहिलं. युवराज म्हणजे माझा साळा, तलावाकाठीच वाढलेला गडी. त्यानं मान हलवली. मला वाटलं, त्याचंही कुतूहल जागं झालं.

नाटक संपलं तेव्हा उजाडलं होतं. झाडीपट्टीतलं नाटक, ते असंच संपतं. येऊन पडलो तो मेल्यासारखा झोपलो. मंदानं हलवून उठवलं तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. नागपूरवाले निघालेत, आधी जेवून घ्या, नंतर तुम्हाला भूक सुचायची नाही, असं तिचं म्हणणं.

पाटावर बसलो. गरम भात, तांदळाची भाकर आणि रस्सा. काय सांगू तुम्हाला तो रस्सा! लालभडक, वर तेलाचा तवंग, मटण नव्हे पण नुसतं चिकनही वाटेना. पहिली वाटी संपली, दुसरी घेतली. मामीजी, म्हणजे सासूबाई, पदर सावरत समोर बसल्या होत्या.

"आवडला नं, जवाईबापू? तुमच्यासाठीच हाय. तुमचे मामाजी अन् युवराज अंधारातच तलावाकडे गेलते. येतानी घेऊनच आले."

मी मान डोलवली आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. खाणाऱ्या माणसाच्या कानात बोळेच असतात.

हात धुवायला मागच्या दारी गेलो. तिथे राखेच्या ढिगाशेजारी पिसं पडली होती. पांढरी होती. विटकरी होती. आणि त्यात एक लांब, काळपट हिरवं, उन्हात चमकणारं.

मी हात न धुताच वळलो.

युवराज हातपंपावर पाय घासत होता. गुडघ्यापर्यंत तलावाचा काळा चिखल. मी विचारलं, सकाळी कुठे गेला होतास?

"तलावावर. बाबा म्हणे, भाटव्याच्या बदकाचं काम सकाळीच करून टाकू. पाहुने येऊन राह्यले." भाटवा म्हणजे मी, त्याच्या बहिणीचा नवरा.

"मग?"

"झालं नं काम. बिलकूल आवाज होऊ देला नाई," असं म्हणून तो पुन्हा टाच घासायला लागला.

मी पोटावर हात ठेवला. समुद्रावरून वाट चुकून आलेलं, पुस्तकातल्या पानावरचं, नागपूरहून गाडी करून बघायला येण्याजोगं पाखरू आता कुठे होतं, ते मला माहीत होतं. आणि त्याची जोडीदारीण? ती कुठल्या काठावर एकटी ओरडत असेल? मी तर रस्सा तीनदा घेतला होता!

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं होतं. काय विचारणार? जावयानं सासऱ्याला विचारायचं, की तुम्ही मला काय खाऊ घातलंत? आणि शिकार म्हणजे गुन्हा. मामाजींनी केली असेल तर माझ्या शब्दासाठी. मीच म्हणालो होतो ना, हातचं जायला नको? या वयात त्या पंचाला गावातून जीपमध्ये बसवून नेतील, मंदा जन्मभर माझ्याशी बोलायची नाही, आणि या सगळ्याला कारण माझी जीभ.  ते हिरवं पीस मी उचललं आणि खिशात कोंबलं. का कोंबलं ते आजही सांगता यायचं नाही.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

मॅडम आल्या, सोबत आणखी दोघं, आणि खाकी कपड्यातले वनखात्याचे गार्डसाहेब. नागपूरची गाडी आली म्हटल्यावर निम्मं गाव पारीवर. सगळ्यांच्या पुढे मामाजी, धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा शेला. जावयानं शोधलेलं पाखरू बघायला सरकार आलं होतं, त्यांची छाती आज वेगळीच होती. मी मागे मागे, पाय ओढत.

मॅडमनी दुर्बीण लावली. पल्याडचा काठ पाहिला. चिखल होता, पाणी होतं, पाखरू नव्हतं.

"कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामाजी म्हणाले, "सकाळी होते, बाई. आम्ही सोताच्या डोळ्यानं पाह्यले."

 ज्या माणसानं जन्मात खोटं सांगितलं नाही, तो माझ्यापायी सरकारी माणसासमोर खोटं बोलून राहिला होता, असं मला वाटलं. त्या क्षणी माझ्या अंगात कोण संचारलं देव जाणे. रात्रभर पाहिलेलं नाटक असेल. मी गर्दीतून पुढे आलो, गार्डसाहेबांसमोर हात जोडले.

"शोधू नका, मॅडम. ते आता नाही."

"उडाले का?"

"नाही. मी खाल्लं."

 मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. गार्डसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे.

"काय खाल्लं?"

"शाही चक्रवाक. तीन वाट्या. पण मामाजींना धरू नका साहेब, त्यांनी माझ्या शब्दाखातर आणलं. म्हातारा माणूस आहे. न्यायचं तर मला न्या."

आता इथे मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही. युवराज लहान आहे, त्याच्या हातून झालं असेल तर त्यालाही माफ करा, हेही मी वर सांगून टाकलं. लहान कसला, दोन पोरांचा बाप आहे तो. त्याची बायको गर्दीतच उभी होती.

गार्डसाहेब मामाजींकडे वळले. खरं आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं, कारण पंचाला विचारायचं म्हणजे त्यांनाही जड जात होतं.  मामाजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला लेन्ससकट पोटात घ्यावं.

"काही पुरावा?" गार्डसाहेबांनी विचारलं.

मी खिशातून पीस काढून दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि मॅडमच्या हातात ठेवलं. मॅडमनी चष्मा चढवला. फार वेळ लागला नाही.

"ही कोंबड्याची शेपटी आहे," त्या म्हणाल्या.

मागून एक म्हातारी म्हणाली की तो तर तिच्याच घरचा कोंबडा, सकाळी मामाजी पारीवरून येताना घेऊन गेले. आणि नेमक्या त्याच वेळी पल्याडच्या काठावरच्या बेशरमाच्या झुडपांमागून डुलत डुलत कोण बाहेर आलं असेल? नर पुढे, मादी मागे. दोघांनी चोच चिखलात घातली आणि डावी-उजवी फिरवत चरायला लागली. अख्खी पारी हसत होती. फक्त दोन माणसं हसत नव्हती, एक मी आणि एक मामाजी.

"जवाईबापू," ते म्हणाले, "तुमी काल म्हनलं, हे जाले नाई पायजे. ढिवरायचे मासोळीचे जाळे तिकडच्याच काठाले लागून होते. किलोभराचं पाखरू तेच्यात अटकलं असतं. म्हनून आम्ही अंधारात जाऊन त्यायच्या हातापाया पडलो, जाळे उचलाले लावले, आवाज न करता. तुमचा शब्द होता नं. अन् तुमी मले चोर ठरवलं. सरकारसमोर."

एवढं बोलून ते शेला सावरत घराकडे निघून गेले.

सांगतो तुम्हाला, तुरुंगात गेलो असतो तर बरं झालं असतं. मॅडमनी मनसोक्त फोटो काढले, जाताना माझा खांदा थोपटला. संध्याकाळी ग्रुपावर त्यांची नोंद आली: शाही चक्रवाक, एक जोडी, ओळख पक्की, दोन्ही सुखरूप, शोधणाऱ्यानं त्यातला एक खाल्ल्याचा दावा केला होता, तो तपासाअंती फेटाळण्यात आला. त्या नोंदीखाली जेवढे अंगठे आले तेवढे माझ्या उभ्या जन्मात आले नव्हते.

घरी मामाजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मंदा माझ्याशी बोलत नव्हती. मामीजी माझ्याकडे पाठ करून चूल फुंकत होत्या, आणि त्या चुलीत जाळ आधीच चांगला लागलेला होता. मी बाजेपाशी जाऊन बसलो. मला खरंच रडू येत होतं. या माणसानं माझ्या एका वेड्या छंदासाठी थंडीत, अंधारात, दुसऱ्यांच्या हातापाया पडून जाळी उचलायला लावली, आणि मी त्याच्या अब्रूचा भरचौकात लिलाव केला. चुकलो मामाजी, असं म्हणालो.

 मग भिंतीकडे तोंड तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "रस्सा कसा होता?"

"चांगला होता."

"कोंबड्याचा लागला का बदकाचा?"

आता काय सांगायचं? जन्मात मी बदक खाल्लेलं नाही. पण त्या माणसापुढे खोटं बोलायची हिंमत आता उरली नव्हती.

"पिसं पाहिल्यावर मला तो बदकाचाच लागला, मामाजी."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, अरे देवा, रडवलं मी या माणसाला. घाबरून मी पाठीवर हात ठेवला तर ते वळले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामीजींना हाक मारून ते सांगत होते, "अवं ऐकलं का, तू रांधलेल्या कोंबड्याले बदकाची चव आली म्हंते."

झालं, मिटलं. त्या ओसरीवर सगळीच भांडणं मिटतात, माझंही मिटलं.

पण शिक्षा मात्र चालू आहे. आता सासुरवाडीला गेलो की मामाजी आधी शेजारपाजार गोळा करतात. मग जिवंत कोंबडा माझ्यासमोर धरतात आणि सगळ्यांदेखत विचारतात, "जवाईबापू, हे काय हाय?"

"कोंबडा, मामाजी."

"पक्कं?"

"पक्कं."

मगच तो चुलीकडे जातो. लोक हसतात, मीही हसतो. पण तुमच्यापासून काय लपवायचं? ते 'पक्कं' म्हणायच्या आधी मी अजूनही हळूच त्याच्या पायाच्या बोटांमध्ये बदकासारखी कातडी नाही ना, ते बघून घेतो.